मास्तरांनी घेतलेलं माप

टेलरमास्तरांच्या बायकोची कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गादीखाली स्प्रिंगची पेटी, म्हणजे बॉक्स स्प्रिंग घ्या. पण ती पलंगाच्या चौकटीत चपखल बसली पाहिजे. लेक म्हणाली, "बाबा, दुकानातला माणूस येऊन मोजून जाईल."

झालं! मास्तरांचा पारा चढला. "चाळीस वर्षं मी हलणारी, हसणारी, पोट आत ओढून उभी राहणारी माणसं मोजली. हा पलंग तर बिचारा चार पायांवर निमूट उभा आहे!" गळ्यातली टेप काढून त्यांनी पलंग दोनदा मोजला, आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि स्वतः जाऊन दुकानात देऊन आले.

आठवड्याने त्या मापाची पेटी बनून आली. दोन हमालांनी ती आडवी घातली, तिरकी घातली, वर बसूनही पाहिलं. पण ती चौकटीत काही उतरेना. शेवटी लेकीने पलंग पुन्हा मोजला, पेटीबरोबर दुकानातून परत आलेल्या चिठ्ठीशी ताडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. अंगाला घट्ट होऊ नये म्हणून बाबांनी हाताच्या सवयीने चहूबाजूंनी दोन-दोन इंच सैल धरले होते!

"अहो, आता मी आज झोपू कुठे?" कंबर धरून उभी असलेली बायको कळवळली.

मास्तर जराही डगमगले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला, पेटीच्या चारही कडांना आतून रेघ मारली आणि बायकोकडे न बघताच म्हणाले,


"काळजी करू नका, ताई. गुरुवारी या, दोन इंच आत घेऊन ठेवतो."