लावलेला ब्रेक

"दाणे कुठे घातले मी? कोशिंबिरीत नुसतं कूट होतं गं!" नणंद रडत म्हणाली.

स्ट्रेचरवर माझ्या लेकीचे ओठ सुजून निळे पडले होते. दुसरं इंजेक्शन देऊनही तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

नवऱ्याने माझा दंड धरला. "तुझं ते लॅबमधलं औषध? ॲलर्जीच्या पेशींना ब्रेक लावतं म्हणालीस. आण ना!"

"ते अजून माणसाला देत नाहीत रे. फक्त बशीतल्या पेशींवर तपासलंय."

"पण चाललं ना?"

चाललं होतं. सकाळीच औषध दिलेल्या पेशींवर दाण्यांचा अर्क टाकला, तरी एकही पेशी भडकली नाही. मी एकटीच टाळ्या वाजवत नाचले होते.

"बोल ना! त्या पेशी माणसाच्याच होत्या ना?"

मी लेकीचा गार पडलेला हात घट्ट धरला.

"हिच्याच होत्या."