कुंपणापलीकडचा कोंबडा

आपल्या हाताने भरवलेला जीव आपण कापू नये, हा इंदुमतीबाईंचा धर्म होता आणि त्याची हद्द कुंपणाशी संपत असे. म्हणून दर गटारीला त्या आपला कोंबडा शेजारच्या जयवंतीला देत आणि तिचा आपल्याकडे आणत. दोन्ही घरांत वडे-सागोती होई आणि दोन्ही घरांची करुणा शाबूत राही.

यंदा दिलेल्या तांबड्या कोंबड्याची आई मात्र तो पिल्लू असतानाच मुंगसाने नेली होती. चुलीजवळच्या टोपलीत, इंदुमतीबाईंच्या जुन्या लुगड्याच्या उबेत तो वाढला होता. गटारीच्या सकाळी पलीकडून वाटणाचा वास आला, तशा त्या अनवाणीच धावत सुटल्या.

जयवंती मागल्या दारी बसली होती. तांबडा तिच्या मांडीवर डोळे मिटून निजला होता. तिच्या बाजूला ठेवलेली सुरी कोरडी होती.

"गो, ह्यो आपणहून मांडयेर येवन बसलो," जयवंती ओशाळून म्हणाली. "आता कसो कापू?"

"कापू नको गो बाये!" इंदुमतीबाईंनी त्याला पदराखाली घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. "तुझो कोंबडोय परत दितंय. पण जावई जेवूक येतले, त्येंका काय वाढू?"

"घोवाक बाजारात धाड. थंय सोललेली कोंबडी गावता."

दुपारपर्यंत नवऱ्याने बाजारातून पिशवी आणली. इंदुमतीबाईंनी ते मांस धुतलं, त्याला हळद-मीठ चोळलं. चुलीजवळ तांबडा दाणे टिपत होता; त्या निवांत वाटण परतू लागल्या.