मागचं दार

"वरून सुकली म्हणजे आतून सुकली असं नसतं, घाईबाई. आठवडाभर पुट्टीला हात लावायचा नाही. आणि मग आधी नख टोचून बघायचं."

नणंदेचा हा इशारा तिनं "हो हो, ताई" म्हणत या कानानं ऐकला, त्या कानानं सोडून दिला. दुसऱ्याच दुपारी बाळ झोपलं, मोटारीच्या दारांच्या फटींत तिनं भरलेली पुट्टी बोटाला टणक लागली, आणि तिनं पॉलिशपेपर उचलला. बाळाच्या झोपेचा काय भरवसा? आई झाल्यापासून तिचं प्रत्येक काम असंच चालायचं, मागं कुणी लागल्यासारखं. घाईबाई हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

मोटार प्लॅस्टिकची, सुटे भाग जोडून करायची, तळहाताएवढी. खोक्यातून निघाली तेव्हा चार दारांची. भाऊजींनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्यानं, तिचा टप कापून जवभर खाली बसवला होता, मडगार्डं फुगवली होती. मागची दोन दारं तेवढी पुट्टी भरून बुजवायची राहिली होती. "आपण दोघंच. चार दारं कुणाला?" असं ते ताईंना म्हणायचे. मग एका सकाळी ते अचानक गेले, आणि मोटार तशीच राहिली.

ताईंनी मात्र कमाल केली, असं सगळे म्हणत. पंधरवड्यात कामावर हजर. कधीही फोन करा, पहिल्याच रिंगला उत्तर: "टकाटक!" परवापरवा त्या स्वतः येऊन ती मोटार घाईबाईच्या हातात ठेवून गेल्या. सोबत स्वतःच्या कानशी, पाती, रंगाच्या बाटल्या, रंग फवारायचा पंपसुद्धा.

"मला आता काय करायचंय? तुला होतील."

घाईबाई हरखून गेली. त्या पंपावर तिचा कधीपासून डोळा होता.

पुट्टी घासली, लाल रंग चढला. चकाकी अशी की बाळानं त्यात स्वतःला बघून लाळ गाळली. रविवारी ताईंना दाखवायची, असं तिनं ठरवलं.

रविवारी सकाळी तिनं मोटार खिडकीशी उजेडात धरली. मागचं दार परत आलं होतं. लाल रंगाखालून केसासारखी बारीक रेघ, पण अख्खी चौकट. आतली पुट्टी आत्ता कुठं सुकत होती, आणि सुकता सुकता खचत होती.

"वरून सुकली म्हणजे..." ती पुटपुटली आणि अडखळली. नजर पंपावर गेली. मग कानशींवर. या कानशींना ताईंनी कधी सख्ख्या भावाला बोट लावू दिलं नव्हतं.

तिनं बाळ कडेवर घेतलं, मोटार पिशवीत टाकली आणि चपला शोधू लागली.

"अगं, अशी विस्कटलेल्या केसांनी कुठं?" नवऱ्यानं विचारलं.

"तुझ्या बहिणीकडं."

"आत्ताच बोललो मी तिच्याशी. टकाटक आहे ती."

"म्हणूनच."

ताईंनी हसतच दार उघडलं. "अय्या, घाईबाई! न सांगता?" त्यांच्या मागं घर दिसत होतं. नको तितकं आवरलेलं. कुंड्या शेजारणीच्या दारात गेलेल्या. भिंतीवरचे फोटो उतरलेले. दाराशी खोकी, दोरीनं घट्ट बांधलेली.

"कशा आहात, ताई?"

"टकाटक!"

एरवी ती इथंच थांबली असती. आज तिनं पिशवीतून मोटार काढून त्यांच्यापुढं धरली. ताईंनी ती उजेडाकडं तिरपी केली. रेघ दिसताच त्यांचं बोट तिथं थबकलं.

"ताई, खरं सांगा. जीव द्यायचं मनात येतंय का?"

हसू क्षणभर चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग ते आतून खचत गेलं.

"कुणी विचारलंच नाही गं," ताई म्हणाल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. घाईबाईनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं त्यांचं बोट धरलं आणि सोडायला नकार दिला. त्या दिवशी ताई तिच्याच घरी आल्या. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डॉक्टरांकडं गेल्या.

पुढचं सरळसोट झालं नाही. औषधं झाली, अबोले झाले, भरदुपारी पांघरूण घेऊन पडणं झालं. मग एकदा ताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या, तो लाल रंग त्यांनी स्वतः खरवडला आणि पुट्टी नव्यानं भरली.

"आता हात लावलास तर बोटं मोडीन."

"नाही लावत. पंप पण तुमचा तुम्ही घ्या."

"घेणारच आहे. फुकट मिळाला म्हणून वाटेल तसा वापरलायस. नळी बघ कशी तुंबलीय!"

या खेपेला दोघी थांबल्या. नख टोचलं, पण खूण उमटली नाही. तरीही आणखी थांबल्या, मगच रंग चढवला.

अशा छोट्या मोटारींच्या प्रदर्शनात परीक्षकानं बॅटरीचा उजेड पाडला, भिंग लावलं, बोट फिरवलं. "चार दारांची होती म्हणता? थापा मारू नका!" मागचं दार त्याला सापडलं नाही ते नाहीच. पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि टाळ्यांनी हॉल दणाणला.

गर्दीतून भाऊजींचे एक जुने मित्र पुढं आले. "वा, वा! काय मग, कशा आहात?"

ताईंच्या ओठांवर तो जुना शब्द आला.

"आज बरी नाहीये," ताई म्हणाल्या. "त्यांची फार आठवण येतेय. चहाला थांबता का थोडा वेळ?"

घाईबाईनं चषक टेबलावर ठेवला आणि बाळाचे दोन्ही हात धरून जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

तुमच्याही ओळखीत असेल कुणीतरी, पहिल्या रिंगला "टकाटक" म्हणणारं. फोन नको. आज घरी जा. आणि "टकाटक" ऐकलंत की दुसऱ्यांदा विचारा.