उरलेला रंग

कोडोलीहून एसटीनं कोल्हापूरला येईस्तोवरच अंजनाबाई दमल्या होत्या. अंगावरचं कोड जावं म्हणून चाळीस वर्षं हिंडून झालं होतं. बावचीचं तेल लावून उन्हात बसल्या, आंबट सोडलं, मासे सोडले, शेवटी लग्नाकार्यात पुढं जाणंही सोडलं. आज नात प्रीती हट्टानं दवाखान्यात घेऊन आली होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं.

डॉक्टरीणबाईंनी हात, पाय, पाठ नीट तपासली. "आजी, जवळजवळ सगळं अंग पांढरं झालंय. आता जुना रंग परत आणणं अवघड आहे. त्यापेक्षा जो थोडा उरलाय, तोच मलमानं घालवू. सगळं एकसारखं दिसेल. फक्त एकदा गेला की तो पुन्हा यायचा नाही."

"म्हंजी आता डाग कुठला म्हनायचा?"

डॉक्टरीणबाईंनी मनगटाच्या वर राहिलेल्या काळ्यासावळ्या चट्ट्यावर बोट ठेवलं. "हा."

"लावूया की आजी," प्रीती म्हणाली. "लग्नाच्या फोटोत चांगली दिसशील."

अंजनाबाईंनी हात मागं घेतला. मग जन्मभराच्या सवयीनं त्यांनी पदर ओढून तो चट्टा झाकला.

"न्हाय बाई. एवढा ऱ्हाऊ दे. माज्या आईचा एक बी फोटो न्हाय. ती ह्या रंगाची व्हती."