मेलेला सूर

जुन्या घडणीच्या बास गिटारवर एक सूर मेलेला असतो. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या पडद्याशी बोट ठेवलं की तो 'ठप्' होऊन बसतो, म्हणून वाजवणारे तोच सूर शेजारच्या तारेवर, पुढच्या पडद्याशी काढतात. नॅशव्हिलच्या ऑर्व्हिलने अकरा वर्षं डोकं फोडून नवी गिटार घडवली आणि तो सूर जिवंत केला.

"लॅमर चांगलं म्हणाला तरच खपेल," विक्री सांभाळणारी त्याची बहीण डेनीन म्हणाली. गावातले सगळे बासवाले लॅमर वाजवेल तेच विकत घेत.

लॅमरने तासभर वाजवली. "झकास! पण हिच्यात नवीन काय आहे?"

"अरे, तो सूर! एकदा तरी वाजवलास का? दर वेळी शेजारच्या तारेवर पळालास!" ऑर्व्हिल म्हणाला.

"चाळीस वर्षं तिथे काही वाजतच नाही, बाबा. बोट आपोआप पळतं."

"मग जाहिरातीत काय लिहू?" डेनीन वैतागली. "कुणीच न वाजवणारा सूर?"

ऑर्व्हिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आण इकडे! ऐका, कसा घुमतो ते!" त्याने गिटार हिसकावून गळ्यात अडकवली आणि लॅमरचीच चाल तावातावाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मग मान वर केली.

"ऐकलात?"

"ऑर्व्हिल," लॅमर हळूच म्हणाला, "तो सूर तूही शेजारच्या तारेवरच वाजवलास."