कडेचं

दादाने पाऊल टाकलं, ते वाटेवर नव्हतंच.

बारक्याने मागून त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा पकडला आणि जीव खाऊन ओढलं. दोघे भाऊ कातळावर आदळले. दादाच्या बुटाखालून सुटलेला दगड खाली गेला. एकदा वाजला, पुन्हा वाजला, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग पार खालच्या झाडीतून पुसटसा आवाज आला.

"डोळे फुटले का रे तुझे?" बारक्या ओरडला. थोरल्या भावाशी तो जन्मात असं बोलला नव्हता.

दादाने हाताने चाचपून वाटेची कड शोधली आणि पाय आत ओढून घेतले.

वर्षातून एक-दोनदा बायकापोरांना घरी ठेवून दोघे या डोंगरातल्या उद्यानात यायचे. दिवसभर चालायचे, लहानपणीची भांडणं उकरून काढून हसायचे. ही वाट पायाखालची. आज धुकं नव्हतं, निसरडं नव्हतं, लख्ख ऊन होतं. कड्याला धरून वाट डावीकडे वळली होती आणि दादा सरळ गेला होता.

"तो समोरचा सुळका दिसतोय तुला?"

"दिसतोय की. टोकावर पक्षी बसलाय."

"आणि स्वतःचा पाय?"

"मान खाली घातली की दिसतो." दादाने तळहाताचं रक्त पँटला पुसलं. "समोरचं सगळं स्वच्छ दिसतं रे. कडेचं गेलंय. काळं वगैरे होत नाही. नसतंच ते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. थेंब घालत राहा, उरलेलं टिकेल."

"मग इथं कशाला तडफडलास?"

"आलो नसतो, तर का येत नाहीस म्हणून तू खनपटीला बसला असतास."

उतरताना बारक्या पुढे झाला. दादाने मागून त्याचा पट्टा धरला. बारक्या सांगत गेला, "पायरी आहे. मूळ आहे, पाय उचल. इकडे नको, माझ्या मागे ये." बारक्याला घाम फुटला होता. पट्ट्याला जरा हिसका बसला की तो जागच्या जागी थिजायचा.

कडा संपला. दोन्ही बाजूंना झाडं आली, वाट रुंद झाली. आता पडलं तरी गुडघेच फुटले असते. बारक्याने मोकळा श्वास घेतला आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर दादाची बस उभी राहिली. तो चालवतो ती शाळेची पिवळी बस. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बारक्याची स्वतःची लेक, खिडकीला नाक लावून बसलेली.

तो मटकन खाली बसला.

"काय रे? पाय मुरगळला?"

"वहिनीला माहीत आहे?"

"नाही."

"शाळेत?"

"बसला आरसे आहेत," दादा म्हणाला. "आणि मी मान फिरवत राहतो. सारखी. पोरं हसतात, म्हणतात काका कोंबडीसारखं करतात."

परवाच जेवताना लेकीने ती नक्कल करून दाखवली होती. मान इकडे, मान तिकडे. बारक्याला हसून हसून ठसका लागला होता.

खाली गाडीपाशी पोचल्यावर दादाने न मागता किल्ली पुढे केली. पलीकडे जाऊन तो दाराची मूठ हाताने चाचपत राहिला. बारक्याने आतून दार उघडून दिलं.

अर्धा घाट मागे पडला.

"सोमवारी बसला हात लावायचा नाही," शेवटी बारक्या म्हणाला. "आपण दोघं शाळेत जाऊन सांगू. तू आला नाहीस तर मी एकटा जाईन."

"येईन."

"आणि वहिनीला आज."

"आज," दादा म्हणाला. दोन वळणं गेली. मग तो म्हणाला, "बारक्या, मागच्या आठवड्यात बसच्या आरशात एक सायकलवाला दिसला. सायकल आडवी पडलेली. तो रस्त्यात बसून माझ्याकडे बघून ओरडत होता. कुठून आला ते मला कळलंच नाही. मी थांबलो नाही रे, मागे पोरं होती."

बारक्याने गाडी बाजूला घेतली.

"ओरडत होता," दादा म्हणाला, "म्हणजे फार लागलं नसेल ना रे त्याला?"