मी चहा पिऊन राहिलो

"मी चहा पिऊन राहिलो," केशवराव मोबाइलला म्हणाले, आणि मोबाइलनं त्यांना तलावाकाठी झोपवलं.

पडद्यावर धुकं होतं. कमळं होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक खाट, खाटेवर केशवराव, आणि त्यांच्या टकलावर पडलेलं चांदणं. खाली अक्षरं उमटली: 'केशवराव आमच्या लॉजवर चहा पिऊन राहिले. तुम्ही कधी येता?' त्याखाली सगळ्यांना पाठवायचं बटण.

"चुकलं," धाकटी सून स्वाती म्हणाली. "मामाजी, हे ॲप पुस्तकी मराठी शिकून आलं. आपलं 'पिऊन राहिलो' म्हणजे 'पीत आहो', पण 'राहिलो' ऐकलं का त्याले वाटते माणूस मुक्कामाले राहिला. खोलीही धरून टाकली त्यानं तुमच्या नावानं. दुरुस्त करा लागते."

"राहू दे ना," केशवराव म्हणाले.

मोबाइलनं त्यांच्या नावावर आणखी एक रात्र मांडली.

सानगडीच्या बाहेर, तलावाच्या पाळीला लागून केशवरावांनी तीन खोल्यांचा लॉज बांधला होता. गिऱ्हाईक अजून एकही आलं नव्हतं. मोठ्या मुलाचा, कमलेशचा, त्या खोल्यांवर डोळा होता. "दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत भरला त ठीक," तो म्हणाला होता, "नाही त तिथं मी पोल्ट्री टाकतो."

म्हणून स्वातीनं ॲप बनवलं आणि त्यात ही गंमत घातली. कोणीही एक वाक्य बोलायचं, स्वप्नासारखं चित्र मिळवायचं आणि आपल्या माणसांना पाठवायचं. चित्र पाहून गिऱ्हाईक येईल, आलेलं पुन्हा येईल, असा तिचा हिशेब.

लॉज वाचावा म्हणून केशवरावांचा जीव तुटत होता. जेवण झालं की बायकोचा, ताराबाईंचा, टीव्ही आणि कमलेशची पिठाची चक्की मागे टाकून ते रोज तिकडं निघायचे. "खोल्यायले हवा दाखवून येतो."

तिथं ते खिडक्या उघडायचे. तलावातलं ऊन आत येऊन छतावर हलत बसायचं. चतुर पाण्याला टेकून उठायचे. लांबवर कोणाचा तरी डोंगा, लहानशी होडी, असायचा. तो चालला आहे की थांबला आहे, ते काही केल्या कळायचं नाही. संध्याकाळी केशवराव परतायचे तेव्हा गालावर उशीची घडी उमटलेली असायची.

"गाद्या तपासल्या," ते सांगायचे. "एक नंबर आहेत."

इकडं गंमत बाजारात पोचली. बेबीबाईनं मोबाइल तोंडाशी धरला. "वांगे विकून राहिली." ती टोपलीसकट डोंग्यात बसून कमळांतून निघाली. तिनं ते चित्र कारधा गावच्या बहिणीला पाठवलं. बहीण म्हणाली, "मी भांडे घासून राहिली," आणि तीही डोंग्यात आली. सरपंचपदाला उभे असलेले भैयाजी घसा साफ करून बोलले, "मी यंदा उभा राहून राहिलो." त्यांच्या नावावर एकदम दोन रात्री पडल्या.

आठवडाभरात कोणी कुठं गेलं नाही आणि अर्धा तालुका तलावाकाठी झोपून होता. ॲपवर लाल अक्षरं आली: 'जागा नाही.'

"असं लिहून आलं का मंग कोणालेच येता येत नाही ना?" केशवरावांनी काळजीनं विचारलं.

"नाही ना मामाजी. तेच त दुखणं आहे."

"अरेरे," केशवराव म्हणाले, आणि खोल्यांना हवा दाखवायला गेले.

कमलेश दोन दिवस ती लाल अक्षरं पाहत होता. शेवटी त्यानं बापाला अंगणात गाठलं. "बाबूजी, लॉज फुल आहे, त एकही चादर काहून धुवाले नाही आली?"

"सभ्य लोकं आहेत."

"अन् दिसत काहून नाही?"

"शांत पण आहेत."

मग नागपूरहून रिता नावाच्या बाईचा फोन आला. "आमच्या आत्या तुमच्याकडे भांडी घासायला राहिल्या होत्या म्हणे. किती फ्रेश दिसतात फोटोत! आम्हालाही यायचंय, सगळ्या घराला. पण जागाच नाही दाखवत."

स्वातीला राहवेना. खरं गिऱ्हाईक दाराशी उभं, आणि खोल्या वांगेवालीनं अडवलेल्या! ती सकाळपासून लॅपटॉप घेऊन बसली आणि तिनं त्या यंत्राला झाडीपट्टीच्या बोलीतलं 'राहिलो' शिकवलं. दुपारी बेबीबाई डोंग्यातून उतरून पुन्हा वांगे विकू लागली. भैयाजी नुसतेच उभे राहिले. धुकं ओसरावं तसे सगळे मुक्कामी ओसरले, आणि तिन्ही खोल्या रिताबाईंच्या घरानं मंडईसाठी धरल्या. संक्रांतीला त्यांची नणंद येणार होती, होळीला जाऊबाई.

कमलेश स्वतः नव्या चादरी घेऊन आला. "जिकली तू, स्वाती. पोल्ट्री कॅन्सल."

स्वातीचे डोळे भरून आले. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. केशवराव पाणी पीत होते. बराच वेळ पीत होते.

"तिन्ही खोल्या?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही, मामाजी! अन् होळीपर्यंत माणसं येतच राहतील."

"वा," केशवराव म्हणाले.

मंडईच्या दिवशी स्वाती नाश्त्याच्या तयारीसाठी घरी थांबली. पाहुण्यांना उतरवून घ्यायला केशवराव पुढं गेले, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून. दुपार कलत होती. पाणी काचेसारखं निजलं होतं. पाळीवरून एक मोठी गाडी हळूहळू आली आणि फाटकाशी थांबली. मागच्या सीटवर पोरं गाणी म्हणत होती. पुढची काच खाली झाली. रिताबाईंनी हातातल्या मोबाइलवरचं चित्र पाहिलं, मग समोरचा तलाव, कमळं, पाळीवरची खाट. त्यांचा चेहरा उजळला.

"काका, तो स्वप्नातला लॉज हाच ना?"

केशवरावांनी नम्रपणे हात जोडले.

"नाही जी," ते म्हणाले, "ही त पोल्ट्री आहे." आणि आत जाऊन त्यांनी हळूच कडी लावून घेतली.